मामाचा आहेर, धोंडे आणि २६ पत्रिका: आधी वर्षाचा आकडा ठरवा

सेलू तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं:

"आमच्या ह्यांचा पगार हातात २८,००० येतो. मी घरी शिलाईकाम करते, महिन्याला चार-पाच हजार सुटतात. चार एकर कोरडवाहू आहे. सोयाबीन आणि तुरीचे खर्च वजा जाता बऱ्या साली साठेक हजार उरतात. गेल्या वर्षी २६ पत्रिका आल्या, शिवाय दोन नणंदांचे सणवार. आठवेल तसं मांडलं तर आहेर-मानपानात ९४,००० गेले. त्यातले ५०,००० गावातून शेकडा तीननं काढलेले; मुद्दल अजून तसंच आहे. आता वैशाखात थोरल्या नणंदेच्या मुलीचं लग्न आहे आणि हे एकुलते मामा. एक तोळा घालावा अशी अक्कांची अपेक्षा आहे. नवरदेवाकडून गाडीची मागणी आहे, तिच्यात मामानं निम्मे घालावेत असंही कानावर आलंय. त्याला लागूनच धोंड्याचा महिना. तुरीचे २२,००० तेवढे खात्यावर आहेत. पुढच्या वर्षी आमच्या घराची वास्तुशांती करायची आहे, तिथं आहेर घ्यावा का तेही सांगा. हे सगळं कसं बसवावं?"

ताई, सप्रेम नमस्कार.

सुरुवात लग्नापासून नको, त्या शेकडा तीनपासून करू. ५०,००० रुपयांना शेकडा तीन म्हणजे महिना १,५००, वर्षाला १८,०००. छत्तीस टक्के झाले. आहेर हे मुळात बिनव्याजी देणंघेणं आहे. तुमच्या लग्नात कुणी १०१ रुपये घातले, दहा-बारा वर्षांनी तुम्ही त्यांच्या मांडवात २०१ घालता. मधल्या काळाचं व्याज कुणी मागत नाही. असलं बिनव्याजी देणं फेडायला छत्तीस टक्क्यांनी पैसा उचलायचा, हा व्यवहार कुठल्याच बाजूनं बसत नाही. म्हणून यंदापासून आहेरासाठी व्याजानं एक रुपयाही काढायचा नाही. बाकी सगळा हिशोब ह्या एका गोष्टीवर उभा आहे.

जुनं मुद्दल आधी स्वस्त दराकडं वळवा. घरात थोडं सोनं असेल तर राष्ट्रीयीकृत बँकेचं सोनेतारण कर्ज साधारण वर्षाला ९ ते १२ टक्क्यांनी मिळतं. दहा टक्के धरले तरी ५०,००० ला वर्षाचं व्याज ५,००० होतं. तेरा हजार तिथेच वाचले. सोनं नसेल तर बचत गटाचं कर्ज बघा. गटात शेकडा दोन असला तरी तीनपेक्षा बरा, आणि ते व्याज गटातच राहतं. गावातला माणूस परवानाधारक सावकार आहे का तेही तपासा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय व्याजानं पैसे लावणं गुन्हा आहे, आणि परवाना असला तरी सरकारनं ठरवलेल्या दराच्या वर व्याज घेता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था ह्या कार्यालयात होते. भांडण न करताही एवढं तर करता येतं की फेडीचे पैसे हातात न देता खात्यावरून द्यायचे, आणि कोरा चेक किंवा सही केलेला स्टॅम्पपेपर दिला असेल तर शेवटच्या हप्त्याच्या दिवशी तो मागून घ्यायचा.

आता वर्षाचा आकडा. सालगड्याचं साल जसं पाडव्याला ठरतं, तसं आहेराचं सालही पाडवा ते पाडवा धरा. ह्या वर्षी पाडवा १९ मार्च २०२६ ला आहे. मिळकत मांडताना हात आखडता ठेवा. पगार २८,००० गुणिले १२, म्हणजे ३,३६,०००. शिलाईचे चार-पाच हजार म्हणता, तर चारच धरा: ४८,०००. शेतीचे साठ हजार "बऱ्या साली", म्हणून निम्मे धरा: ३०,०००. एकूण ४,१४,०००. ऐन काढणीत पाऊस लागला आणि सोयाबीन भिजलं तरी हा आकडा फारसा हलत नाही.

खर्चाचे आकडे पत्रात नाहीत, म्हणून तुमच्यासारख्या चौघांच्या घराचा नमुना मांडतो. त्यात तुमचे आकडे घाला. किराणा, दूध, गॅस, वीज, पेट्रोल, मोबाइल, औषधं मिळून महिना २१,००० म्हणजे वर्षाला २,५२,०००. गाडीचा हप्ता ३,२०० प्रमाणे ३८,४००. विमा १८,०००. शाळेची फी, वह्या, गणवेश ३०,०००. बेरीज ३,३८,४००. चार लाख चौदा हजारांतून ही वजा केली की ७५,६०० उरतात. ह्या उरलेल्यातून फार तर निम्मे आहेर-मानपानाला, बाकीचे कर्जफेड आणि दवाखान्याला. निम्मे ३७,८०० होतात. आपण ३६,००० धरू. एकूण मिळकतीच्या जवळपास नऊ टक्के झाले. दहाच्या वर जाऊ लागलं की कुठं तरी फी किंवा हप्ता थकतो. दुसऱ्या निम्म्यातून मुद्दलाचे २५,००० आणि बँकेचं व्याज निघालं की दवाखान्याला नऊ-दहा हजार राहतात. हे कमीच आहे. म्हणून शेतीचा न धरलेला अर्धा भाग, म्हणजे पाऊस बरा झाला तर येणारे तीस हजार, आहेराकडं वळवायचा नाही. तो सरळ मुद्दलात भरायचा. दोन वर्षांचं कर्ज मग वर्षभरातच मिटतं.

छत्तीस हजार ऐकून मन खट्टू होईल, कारण गेल्या वर्षी ९४,००० गेले होते. पण ते पैसे कुठं गेले हे तुम्हाला "आठवेल तसं"च सांगता येतंय. दुखणं तिथंच आहे. एक दोनशे पानी वही घ्या आणि डोक्यावर सहा रकाने आखा: तारीख, नाव-गाव, कार्य, त्यांच्याकडून आपल्याला काय आलं, आपण काय दिलं, आणि दोघांतला फरक. तुमच्या लग्नातली आहेराची जुनी वही सासरी किंवा माहेरी पेटीत असेल, ती काढा. बारशाची, जावळाची यादी असेल तर तीही. एका रविवारी दोघांनी बसून नावं उतरवा. बऱ्याच घरांत ह्यातून एकच गोष्ट निघते: ज्यांनी १०१ घातले त्यांना आपण हजाराची साडी नेऊन दिली, आणि ज्यांनी अडीनडीला खरी साथ दिली त्यांच्याकडं ऐन वेळी हात आखडला.

जुन्या आकड्याला आजचा करताना जास्त गणित नको. किरकोळ महागाईच्या सरकारी निर्देशांकानुसार २०१२ मध्ये १०० रुपयांना येणारी वस्तू आता २०० च्या आसपास पडते. त्या सुमाराचे १०१ आलेले असतील तर आज २०१ दिले की बरोबरी झाली. ५०१ आले असतील तर १,००१. साडी-चोळीच्या जागी साडी-चोळी, तेव्हाच्या दर्जाची. ह्याहून जास्त द्यायचं ते प्रेमानं द्या, पण ते "फेड" म्हणून नव्हे.

पत्रिकांचे तीन थर करा. सख्खी भावकी आणि संकटात धावून येणारे चारेक: १,१०१. सोयरे, शेजारी, ह्यांच्या कामावरचे जवळचे आठ: ५०१. गावकी आणि ओळखीचे बारा: २०१. बेरीज १०,८०० च्या आसपास. एकाच तिथीला तीन लग्नं असली की घरातल्या तिघांनी तीन वाटा धराव्यात. सगळ्यांनी सगळीकडं धावायचं नाही. जाणं जमत नसेल तर फोनवर बोलून २०१ फोनपेनं पाठवा, त्यात कमीपणा नाही. "आहेर आणू नये" असं पत्रिकेवर छापलं असेल तर त्याचा मान ठेवा. लोक ते औपचारिक समजून पाकीट पुढं करतात आणि यजमानाला नको म्हणत हात मागं घ्यावा लागतो.

देण्याघेण्याच्या साड्या आणि टोपी-टॉवेल पूर्ण बंद करा, असं माझं स्पष्ट मत आहे. दीडशे-तीनशेची ती साडी कुणी नेसत नाही. तिची घडी न मोडता ती तीन-चार मांडव फिरते, आणि प्रत्येक घरानं ती एकदा विकत घेतलेली असते. त्यातल्या बऱ्याच साड्या मापालाही कमी भरतात. पाचवारी साडी ब्लाउजपीस धरून ६.३० मीटर असायला हवी. गठ्ठ्यातली उलगडून मोजली तर सव्वापाच मीटर निघते आणि ब्लाउजपीस वेगळा आखूड तुकडा असतो. वीस ठिकाणी अडीचशेची साडी म्हणजे ५,००० रुपये, आणि त्यातून कुणाच्या अंगाला काही लागलं नाही. त्याऐवजी पाकिटात २०१. टॉवेल द्यायचाच असेल तर ३० बाय ६० इंची सुती, जाड, एकच द्या; निदान तो वापरला जाईल.

पाकिटावर नाव, गाव, आणि ह्यांचं कामाचं ठिकाण असं तिन्ही लिहा. आहेराच्या टेबलावर एकाच आडनावाची पाच पाकिटं येतात आणि वहीत भलत्याच्या नावावर रक्कम चढते. रक्कमही पाकिटाच्या आतल्या बाजूला पेनानं टाका.

आता भाचीचं लग्न. तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेलेला आहे. तुमच्या घरात तो बसत नाही. ह्यावर रात्र जागवू नका. मधला मार्ग म्हणून एक ग्रॅमची अंगठी किंवा कानातलं घ्यायचा मोह होईल. तेही टाळा. लहान दागिन्यावर घडणावळ सोन्याच्या मानानं जास्त पडते, वर ३ टक्के जीएसटी, आणि मोडायला गेलं की घडणावळ शून्य धरली जाते. शिवाय दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्क सक्तीचा नाही, म्हणजे शुद्धतेची खात्री दुकानदाराच्या शब्दावर. "वन ग्राम गोल्ड" नावानं जे मिळतं त्यावर नुसता सोन्याचा मुलामा असतो. ते सोनं म्हणून मांडवात दिलं आणि पुढं उघड झालं की भाचीलाच सासरी ऐकून घ्यावं लागतं. पुढं कधी सोनं घ्याल तेव्हा दागिन्यावर २२ कॅरेटची ९१६ ही खूण आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, बघा, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पडताळा, आणि पक्कं बिल घ्या.

मामाच्या मानाला मी १४,००० धरतो, आणि ते असे लावा. भाचीला साडी ३,०००. ह्या पैशात हातमागाची अस्सल पैठणी येत नाही. दुकानात पैठणी म्हणून दाखवतील ती सेमी-पैठणी असेल, तिला सेमी समजूनच भाव करा. शुद्ध रेशमाच्या साडीला सिल्क मार्कचं लेबल असतं. अक्कांना साडी १,५००. दाजींचा शर्ट-पँट आणि फेटा १,३००. नवरदेवाच्या कपड्याला १,५००. अक्कांच्या सासू-सासऱ्यांना दोघांचे मिळून १,३००. सासूबाई लुगडं नेसत असतील तर नऊवारी सव्वाआठ मीटर आहे का ते मोजून घ्या. इथवर ८,६०० झाले. भाचीच्या हातात रोख ४,५०१. आणि ८०० रुपये तुमच्या स्वतःच्या मशीनसाठी: तिला पाच ब्लाउज अस्तर लावून शिवून द्या. आठशे रुपयांत अस्तर, हुक, लेस, दोरी सगळं बसतं, आणि बाजारात ह्या पाच ब्लाउजांची नुसती शिलाई दोन-अडीच हजार लागली असती. माप तिच्या अंगाचं घ्या, जुन्या ब्लाउजवरून नको; लग्न ठरल्यापासून पोरी बारीक होतात. बाजूच्या शिवणीत दीड इंच कापड दाबून ठेवा म्हणजे पुढं उसवून वाढवता येईल. साड्यांना फॉल-पिको तुम्हीच करा, फॉल घ्यायला उरलेले शंभरेक रुपये पुरतात.

कपड्याबाबत आणखी एक. पुरुषांना शर्ट-पँटचं कापड दिलं की शिलाईचे सात-आठशे त्यांच्या गळ्यात पडतात, म्हणून ते कापड वर्षानुवर्षं ट्रंकेत राहतं. माप माहीत असेल तर तयार कपडे घ्या. तयार कपड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागं २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे २,५०० चा कुर्ता २,६२५ ला पडतो आणि २,६०० चा ३,०६८ ला. शंभरच्या फरकाला चारशे त्रेचाळीस रुपये जातात. छापील किमतीत कर धरलेला असतो, म्हणून दुकानात हा फरक डोळ्यांना दिसत नाही.

खरेदीला जाताना रक्कम रोख न्या, कार्ड आणि फोनपे घरी राहू दे. गादीवर बसल्याबरोबर "तीन हजारांपर्यंतच दाखवा" असं सांगा. आकडा न सांगता बसलं की सेल्समन पहिली साडी सात हजारांची उलगडतो, आणि त्यानंतर तीन हजारांची कुठलीच डोळ्यांत भरत नाही.

हे सगळं अक्कांना कधी सांगायचं? बस्ता बांधायच्या आधी, आणि तुम्ही नव्हे, भावानं सांगायचं. भावजयीच्या तोंडून आलं की "हिनंच अडवलं" होतं. बस्त्यानंतर सांगितलं तर अक्कांनी तुमचा तोळा धरून सराफाला शब्द दिलेला असतो, मग राग येणारच, आणि तो रास्तही असेल. फोनवर नको, भाऊ समक्ष जाऊ देत. बोलणं एवढंच: "अक्का, पोरीच्या लग्नात मी पहिल्या दिवसापासून उभा राहतो, कामाला कुठं कमी पडणार नाही. पण तोळ्याचं यंदा मला झेपत नाही. तू माझ्या तोळ्यावर नियोजन धरू नको म्हणून आजच सांगायला आलो. तुम्हा सगळ्यांचा भर आहेर, पोरीची साडी, ब्लाउज आणि रोख एवढं माझ्याकडं." पुढं कारणांची यादी नको. कर्ज, शेती, फी असं सांगत बसलं की समोरचा एकेका कारणावर तोडगा काढू लागतो. आणि तिथून उठताना "बघतो काहीतरी" हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. बहिणीसाठी त्याचा अर्थ "हो" असाच होतो.

गाडीचं मात्र सरळ नाही म्हणा. वरपक्षानं मागितलेली वस्तू ही भेट नसते, तो हुंडा आहे. हुंडा प्रतिबंधक अधिनियम, १९६१ च्या कलम ३ प्रमाणे घेणारा आणि देणारा दोघेही दोषी ठरतात. शिक्षा किमान पाच वर्षं कैद, आणि दंड किमान १५,००० रुपये किंवा हुंड्याच्या किमतीएवढा, जो जास्त असेल तो. नुसत्या मागणीलाही कलम ४ खाली शिक्षा आहे. न मागता, ऐपतीप्रमाणे दिलेल्या भेटी ह्यात येत नाहीत, पण त्यांची यादी करून ठेवावी असं १९८५ चे नियम सांगतात: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, खाली वधू-वरांच्या सह्या. ती यादी भाचीसाठी जरूर करा. आणि भावानं बहीण-दाजींशी ह्या मागणीबद्दल मोकळं बोलावं. लग्नाआधी गाडी मागणारं घर लग्नानंतर थांबेल ह्याची खात्री कशी धरायची? भाचीला पाठीशी मामा आहे हे कळणं ह्या घडीला तोळ्याहून जास्त गरजेचं आहे.

धोंड्याचा महिना. अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून २०२६ असा आहे. अधिकात लग्नाच्या तिथी धरत नाहीत, म्हणून पत्रिका यंदा वैशाखातच दाटतील, हे मनाशी धरून ठेवा. दोन्ही जावयांना एकाच दिवशी बोलावा, म्हणजे स्वयंपाक एक आणि मान सारखा. दोन्ही जोडप्यांना मिळून ४,०००: प्रत्येकी जावयाला शर्ट किंवा कुर्ता ९००, नणंदेला साडी ७००, तांब्याचं लहान तबक आणि दिवा ३००, अनारसे १००. चांदीचं तबक देण्याची चाल वाढली आहे, पण चांदीचा भावही आता परवडण्यातला नाही, आणि वाणाला तांबंही चालतं. ३३ अनारशांना अर्धा किलो तांदूळ आणि जवळपास तेवढाच गूळ पुरतो. तांदूळ तीन दिवस, रोज पाणी बदलून भिजवा. विकतच्या तयार पिठाचे अनारसे बरेचदा तुपात विरघळून हसतात आणि नवं पीठ आणावं लागतं, म्हणून घरीच दळलेलं बरं. पुढचा अधिक महिना २०२९ च्या चैत्रात येतो. महिना १२० रुपये बाजूला पडले तरी तेव्हाचे चार हजार तयार असतील.

राखीला दोन्ही नणंदांना तीनशे-तीनशे, भाऊबिजेला आठशेची एकेक साडी, म्हणजे २,२००. ह्या साड्या दिवाळीच्या आठवड्यात घेऊ नका. आषाढात लग्नसराईचा उरलेला माल सेलमध्ये निघतो तेव्हा घ्या. प्रवासाला वर्षाचे ३,०००. तुम्हाला एसटीत निम्मं तिकीट आहे आणि घरात कुणी पंचाहत्तरीच्या पुढचं असेल तर त्यांना प्रवास मोफत, त्यामुळं लांबच्या लग्नाला जीपची वर्गणी भरण्याआधी एसटीचं वेळापत्रक बघा. उरलेले २,००० बारसं, माहेरच्या भाचरांचा खाऊ, मुलांच्या मित्रांचे वाढदिवस आणि संक्रांतीचं वाण ह्याला. वाणाला शिलाईतल्या कापडाच्या चिंध्यांचे बटवे करा, तीस बटव्यांना नुसती दोरी विकत लागेल.

१४,००० अधिक ४,००० अधिक २,२०० अधिक १०,८०० अधिक ३,००० अधिक २,०००: छत्तीस हजार.

आता पैसे हातात कधी येतात ते बघू, कारण वर्षाची बेरीज जमली तरी वैशाखातच खिसा रिकामा पडू शकतो. तुरीचे २२,००० कुठंही हलवू नका. त्यातून लग्नाचे १४,००० आणि धोंड्याचे ४,००० निघतात, उरलेल्या ४,००० त वैशाखातल्या आठेक पत्रिका बसतात. बाकी वर्षाला १४,००० हवेत, म्हणजे पगारातून महिना १,२००. त्यासाठी वेगळं बचत खातं ठेवा, त्याचं एटीएम कार्ड घेऊ नका, आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला द्या. आरडी इथं उपयोगाची नाही: पोस्टाची पाच वर्षांची असते, बँकेची बारा महिन्यांची घेतली तरी पैसे राखी-दिवाळीच्या आधी मोडावे लागतात.

दोघांत एक ठरवून टाका. मांडवात, पंगतीत, बस्त्याच्या दुकानात, एकानं दुसऱ्याला विचारल्याशिवाय आकडा बोलायचा नाही. गेल्या वर्षीचे ९४,००० असेच झाले असणार, पाच-पाच हजारांनी, कुणाच्या तरी समोर शब्द गेला म्हणून. माइकवर आहेर पुकारण्याची पद्धत असेल तर पुकारणाऱ्याला आधीच सांगा की आमचं नाव घ्या, रक्कम नको. आणि पत्रिका आली की त्याच दिवशी कॅलेंडरवर तिथीच्या चौकोनात रक्कम लिहा. लग्नाच्या सकाळी ठरवलेली रक्कम नेहमी जास्तच असते.

राहिली तुमची वास्तुशांती. इतकी वर्षं तुम्ही लोकांच्या मांडवात देत आलात, तेव्हा आहेर घ्यायला संकोच करू नका. पण त्यातून कार्याचा खर्च निघेल असं धरून मंडप-जेवणाचा आकडा वाढवू नका. खर्च आधी खात्यावर असायला हवा, आलेला आहेर त्यानंतर. पत्रिकेत "फक्त रोख, वस्तू व कपडे नकोत" असं छापणं आपल्याकडं बरं दिसत नाही, तेव्हा जवळच्या पंधरा-वीस घरांना तोंडी सांगा की साडी-टॉवेल आणू नका. नाहीतर चार मिक्सर आणि तीस स्टीलचे डबे घरात येतात, आणि त्यांची बरोबरी पुढं तुम्हालाच करायची असते. कामावरच्या चौघांनी विचारलं तर सांगा, पाच-पाचशे एकत्र करून दोन हजारांचा कुकर द्या. वही कॉलेजात जाणाऱ्या, अक्षर सुवाच्य असलेल्या पुतण्या-भाच्याकडं द्या, आणि पाकिटं त्याच रात्री, पाहुणे झोपल्यावर, दोघांनी मिळून फोडून नावं लावा. दुसऱ्या दिवशीपर्यंत चार पाकिटं हमखास देव्हाऱ्यात, पिशवीत, कुणाच्या तरी खिशात राहून जातात.